मेंदूतल्या गाठींसाठी रेडिओसर्जरी आणि इम्युनोथेरपी: तारखा, डोस आणि डेक्साचा हिशेब

फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग) मेंदूत पोचल्याचा एमआरआय हाती आला, की पहिल्या आठवड्यातच तीन डॉक्टर तीन गोष्टी सुरू करतात. इमर्जन्सीत डेक्सामेथासोन, म्हणजे 'डेक्सा' हे मेंदूची सूज उतरवणारं स्टिरॉइड, चालू होतं. रेडिएशनचे डॉक्टर रेडिओसर्जरीची तारीख देतात. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट इम्युनोथेरपीचं पहिलं इंजेक्शन कधी ते सांगतात. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. पण डेक्सा किती दिवस चाललं, गाठीला रेडिएशनचे किती ग्रे (डोसचं माप) मिळाले आणि इंजेक्शन कोणत्या तारखेला गेलं, हे तिन्ही एका कागदावर क्वचितच सापडतं. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ फुगलेली दिसते तेव्हा नेमका तोच कागद लागतो.

ही माहिती रुग्णाची फाइल सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आणि मधल्या काळात रुग्णाला तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याशी नेमकं बोलता यावं, यासाठी इथले आकडे.

दोन्ही उपचारांची कामं वेगळी

रेडिओसर्जरीत सुरी नसते. शेकडो बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच बिंदूवर मिळतात. प्रत्येक किरण एकटा कमजोर असतो, पण जिथे सगळे मिळतात तिथे डोस प्रचंड होतो आणि काही मिलिमीटर पलीकडे झपाट्याने उतरतो. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. आजच्या गॅमा नाइफ या यंत्रात कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. लिनॅक किंवा सायबरनाइफ या यंत्रांवर तेच काम एक्स-रे किरण करतात. यंत्र कोणतं, यापेक्षा ते चालवणाऱ्यांना मेंदूच्या कामाचा सराव किती, हे जास्त महत्त्वाचं. नुसत्या यंत्राच्या नावावरून रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्यात आठवडा घालवू नका.

इम्युनोथेरपी म्हणजे इथे चेकपॉइंट रोखणारी औषधं: पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, अटेझोलिझुमॅब, दुर्व्हालुमॅब, इपिलिमुमॅब. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना लागलेले ब्रेक (चेकपॉइंट) ती सोडवतात. हे ब्रेक शोधून त्यावर उपचार उभा करण्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. रक्तातून मेंदूत जाणाऱ्या वाटेवर जो पडदा असतो त्यातून ही मोठी रेणूंची औषधं फारशी जात नाहीत, पण बाहेर जाग्या झालेल्या टी-पेशी आत जातात. म्हणून मेंदूतल्या गाठीही विरघळू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या एबीसी चाचणीत मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना मेंदूच्या गाठींचा त्रास नव्हता आणि ज्यांच्या मेंदूवर आधी कोणताही उपचार झालेला नव्हता, त्यांच्यात इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिल्यावर ४६ टक्क्यांच्या मेंदूतल्या गाठी आक्रसल्या. एकट्या निव्होलुमॅबवर हे प्रमाण २० टक्के होतं. ज्यांना त्रास सुरू झालेला असतो आणि स्टिरॉइड चालू असतं, त्यांच्यात हे आकडे बरेच खाली येतात.

तर कामाची वाटणी अशी: दिसणारी गाठ रेडिओसर्जरी भरवशाने आवरते, पण पुढच्या महिन्यात उगवणाऱ्या नव्या गाठीला ती हात लावत नाही. तिथे आणि उरलेल्या शरीरात इम्युनोथेरपी काम करते. एका गाठीला रेडिएशन दिल्यावर लांबची गाठ आपोआप विरघळल्याची उदाहरणं आहेत. १९५३ मध्ये त्याला ॲब्स्कोपल परिणाम हे नावही मिळालं. पण ते दुर्मिळ आहे. त्या आशेवर एखादी गाठ उपचाराविना सोडू नका.

इंजेक्शनच्या आधी जनुकांचा रिपोर्ट

फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल तपासल्याशिवाय इम्युनोथेरपी सुरू करणं ही या सगळ्या वाटेवरची सर्वांत महागडी चूक आहे. भारतात या प्रकारच्या कर्करोगात ईजीएफआरचा बदल साधारण चौथ्या हिश्शात सापडतो, काही नोंदींत त्याहूनही जास्त. अशा रुग्णांवर चेकपॉइंटची औषधं फारशी चालत नाहीत. उलट ओसिमर्टिनिबची रोज ८० मिलिग्रॅमची गोळी मेंदूत चांगली पोचते. एएलके सापडला तर अलेक्टिनिब किंवा लॉरलॅटिनिब आहे. पण घाईत आधी इम्युनोथेरपी दिली आणि तीन आठवड्यांनी रिपोर्टमध्ये ईजीएफआर निघाला, तर ओसिमर्टिनिब सुरू करणं धोक्याचं होऊन बसतं. इम्युनोथेरपी संपून तीन महिने व्हायच्या आत ओसिमर्टिनिब सुरू केलेल्या रुग्णांत गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण एका अभ्यासात २४ टक्के निघालं, त्यात फुप्फुसाला सूज येणं मुख्य. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात म्हणून घरचे अस्वस्थ होतात, ते समजण्यासारखं आहे. तेवढ्या काळात रेडिओसर्जरी होऊ शकते. ती जनुकांच्या रिपोर्टसाठी अडत नाही. बायोप्सीचा तुकडा अपुरा असेल तर रक्तातून होणारी जनुक-चाचणी विचारा. मेलॅनोमात अशीच बीआरएएफ जनुकाची तपासणी लागते.

याच वेळी रक्ताच्या तपासण्या करून ठेवा, कारण पुढे काही बिघडलं तर तुलनेला मूळ आकडा हवा: सीबीसी, यकृत आणि किडनीच्या तपासण्या, सोडियम, साखर, टीएसएच आणि फ्री टी-४, सकाळी ८ चं कॉर्टिसॉल, एचबीएसएजी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही. कॉर्टिसॉल डेक्सा सुरू होण्याआधी काढलं तरच उपयोगाचं. डेक्सा पोटात गेल्यावर येणारा कमी आकडा काहीच सांगत नाही. जुना क्षयरोग असेल किंवा छातीच्या सीटीत त्याच्या खुणा असतील तर तसं स्वतःहून सांगा. आपल्याकडे हा प्रश्न कायम विचारायलाच हवा.

आणि एक घरगुती बाब. 'प्रतिकारशक्ती वाढवायची आहे' असं ऐकल्यावर नातेवाईक गुळवेल, काढे, चूर्णं घेऊन येतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे, आणि ती इजा इम्युनोथेरपीच्या यकृतदाहासारखीच दिसू शकते. यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी ४०० वर गेलं तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि चांगलं चाललेलं औषध थांबवावं लागतं. काढा बंद ठेवा.

एमआरआय नवा आणि बारीक कापाचा

रेडिओसर्जरीचं नियोजन ज्या एमआरआयवर होतं तो उपचाराच्या दिवशी शक्यतो ७ दिवसांपेक्षा जुना नको, १४ दिवसांपलीकडे तर नकोच. मेलॅनोमा आणि फुप्फुसाचा लहान पेशींचा कर्करोग यांच्या गाठी दोन आठवड्यांत सहज वाढतात. नियोजनात गाठीभोवती जेमतेम ० ते २ मिलिमीटरची कड धरलेली असते. जुन्या चित्रावर आखलेल्या कडेबाहेर गाठ गेली, की तो भाग डोसाविना राहतो आणि तिथूनच ती परत येते. दुसरी अट कापाच्या जाडीची: कॉन्ट्रास्ट देऊन घेतलेली १ मिलिमीटरची त्रिमितीय टी-१ मालिका. नेहमीच्या तपासणीत काप ४-५ मिलिमीटरचे असतात, त्यांच्यामध्ये ३ मिलिमीटरची गाठ लपते. सेंटरवर जाताना डॉक्टरांची चिठ्ठी 'रेडिओसर्जरी प्लॅनिंग प्रोटोकॉल' अशी स्पष्ट लिहून घ्या आणि फिल्मऐवजी सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डिजिटल (डायकॉम) चित्रं घ्या. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो नियोजनाला चालत नाही.

गाठी किती आहेत, एवढ्यावरून रेडिओसर्जरी नाकारली जाऊ नये. जपानमधल्या १,१९४ रुग्णांच्या अभ्यासात ५ ते १० गाठी असलेल्यांचं आयुर्मान २ ते ४ गाठी असलेल्यांपेक्षा कमी ठरलं नाही. त्यातली एक अट अशी होती, की सगळ्या गाठींचा एकूण आकार १५ मिलिलिटरच्या आत असावा. त्यामुळे 'गाठी सहा आहेत, म्हणून पूर्ण मेंदूला शेक (रेडिएशन)' असा निर्णय ऐकलात तर एकूण आकारमान किती ते विचारा. पूर्ण मेंदूच्या शेकाने स्मरणशक्तीला जी झळ लागते ती इम्युनोथेरपीवर वर्षानुवर्षं जगू शकणाऱ्या माणसाला भोगावी लागते. गाठी खूपच असतील किंवा मेंदूच्या आवरणात आजार पसरला असेल, तर मात्र पूर्ण मेंदूचा शेक लागतो.

गाठीच्या आकारानुसार डोस ठरतो. एका बैठकीत २ सेंटिमीटरपर्यंत २० ते २४ ग्रे, २ ते ३ सेंटिमीटरला १८, ३ ते ४ सेंटिमीटरला १५. मोठ्या गाठीला एकाच वेळी मोठा डोस दिला तर शेजारच्या निरोगी मेंदूला मार बसतो. म्हणून तिला ३ दिवसांत २७ ग्रे किंवा ५ दिवसांत ३० ग्रे असं वाटून देतात. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, ती मेंदूला ढकलत असेल किंवा निदानच पक्कं नसेल, तर आधी न्यूरोसर्जन, मग तिथल्या पोकळीवर रेडिओसर्जरी. ती फार लांबवू नये, महिन्याभरात व्हावी.

डॉक्टरांना विचारायचा एक आकडा इथे नोंदवून ठेवतो: व्ही-१२. मेंदूच्या किती घनसेंटिमीटर भागाला १२ ग्रे किंवा त्याहून जास्त मिळाले, तो आकडा. एका बैठकीत तो ५ असेल तर त्रास देणाऱ्या रेडिओनेक्रोसिसचा (रेडिएशनने मेंदूचा भाग मरून सुजण्याचा) धोका साधारण १० टक्के, १० असेल तर १५, आणि १५ च्या पुढे गेला तर २० टक्के. इम्युनोथेरपी सोबत असताना हा आकडा आवर्जून खाली ठेवावा आणि मोठ्या गाठींना ३ किंवा ५ बैठका द्याव्यात, असं आमचं मत आहे.

तारखा कशा बसवायच्या

बहुतेकांचा प्रश्न असतो: रेडिओसर्जरीच्या आधी इम्युनोथेरपी थांबवायची का? सहसा नाही. निव्होलुमॅबचं अर्धायुष्य सुमारे २५ दिवसांचं, पेम्ब्रोलिझुमॅबचं सुमारे २२. म्हणजे 'सुरक्षिततेसाठी' एक आठवडा थांबलात तरी औषधाचा मोठा वाटा रक्तात असतोच आणि पूर्ण निघायला चार-पाच महिने जातात. आठवडाभराच्या थांबण्याने मेंदूला काही वाचत नाही, पण इंजेक्शनची घडी मात्र मोडते. मागच्या नोंदींचे अनेक अभ्यास पाहिले तर दोन्ही उपचार एकमेकांच्या चार आठवड्यांच्या आत झालेल्या रुग्णांत मेंदूतला आजार जास्त चांगला आवरलेला दिसतो. पण ते अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नव्हेत. बरे असलेल्या रुग्णांचेच दोन्ही उपचार वेळेवर होतात, ही गोम त्यांत आहे. नेमके किती दिवसांचं अंतर, याचं एकच उत्तर कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

इम्युनोथेरपी अजून सुरू झाली नसेल तर क्रम असा ठेवता येतो. पहिल्या दिवशी नियोजनाचा एमआरआय, दोन-तीन दिवसांत डोकं स्थिर ठेवणारा मास्क आणि सीटी, सातव्या-आठव्या दिवसापर्यंत रेडिओसर्जरी. रेडिओसर्जरीच्या दुसऱ्या दिवसापासून डेक्सा उतरवायला लागा. जनुकांचा रिपोर्ट हातात आणि डेक्सा अगदी कमी किंवा बंद, असं दहाव्या ते चौदाव्या दिवशी जमलं की पहिलं इंजेक्शन. आजार शरीरात इतरत्र वेगाने वाढत असेल तर डेक्सा पूर्ण उतरण्याची वाट पाहू नका. उशिराची किंमत जास्त असते.

इम्युनोथेरपी आधीच चालू असेल आणि मेंदूत नवी गाठ निघाली, तर रेडिओसर्जरी दोन इंजेक्शनांच्या मध्ये बसवा. २१ दिवसांच्या सायकलमध्ये आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. कारण अगदी व्यवहारी आहे: एकाच दिवशी दोन्ही झालं आणि रात्री ताप, उलटी किंवा डोकेदुखी आली, तर कारण इंजेक्शन की रेडिएशनची सूज, हे ओळखता येत नाही. यापलीकडे त्या मधल्या दिवसांत काही जादू नाही. तारीख जमली नाही म्हणून उपचार पुढे ढकलू नका.

इपिलिमुमॅबसोबतचं जोड-औषध असेल तर जास्त जपून. त्यात दुष्परिणामच जास्त, आणि सूज वाढण्याचं भयही. रेडिओसर्जरीसोबत इम्युनोथेरपी दिल्याने रेडिओनेक्रोसिस वाढतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. एका अमेरिकी अभ्यासात तो वाढलेला दिसला, विशेषतः मेलॅनोमात. इतर अनेकांत दिसला नाही. मेलॅनोमाच्या लहान, त्रास न देणाऱ्या गाठी असतील तर अनुभवी केंद्रं आधी जोड-औषध देऊन सहा आठवड्यांनी एमआरआय पाहतात आणि रेडिओसर्जरी हाताशी ठेवतात. हे योग्य असू शकतं. मात्र एमआरआयची ती तारीख चुकता कामा नये, आणि गाठ मेंदूच्या देठाजवळ असेल तर थांबण्यात शहाणपण नाही.

मेलॅनोमासाठी बीआरएएफ आणि मेक ही प्रथिनं रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं वेगळं आहे. त्या रेडिओसर्जरीच्या किमान एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर बंद ठेवतात.

डेक्साचा हिशेब

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही टाळता येण्यासारखं.

डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं आणि तेवढ्याच जोमाने टी-पेशींना झोपवतं. फुप्फुसाच्या कर्करोगात इम्युनोथेरपी सुरू होताना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (दुसरं एक स्टिरॉइड) किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांवर औषधाचा परिणाम कमी दिसला आहे. त्यातला काही भाग हे रुग्ण मुळातच जास्त आजारी असल्यामुळे आहे. तरीही १० मिलिग्रॅमच्या खाली उतरणं हे उद्दिष्ट बहुतेक सगळे मानतात.

आता रूपांतर. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सा म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. म्हणजे १० मिलिग्रॅमची ती सीमा डेक्सात फक्त १.५ मिलिग्रॅम. दिवसाला '४ मिलिग्रॅमची एकच गोळी' घेणारा रुग्ण प्रेडनिसोलोनच्या भाषेत २६-२७ मिलिग्रॅम घेत असतो, आणि ४ मिलिग्रॅम दिवसातून चारदा घेणारा शंभराच्या वर. 'डोस अगदी कमी आहे' असं कुणी म्हणालं तर मिलिग्रॅम विचारून हा गुणाकार करा.

त्रास नसेल तर डेक्सा लागतच नाही. एमआरआयमध्ये थोडी सूज दिसली, एवढंच कारण पुरेसं नाही. डोकेदुखी किंवा सौम्य अशक्तपणा असेल तर दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम. शुद्ध हरपू लागली, एक बाजू ओढू लागली तर १६. गोळी सकाळी आणि दुपारी दोनच्या आत घ्यावी, नाहीतर रात्रभर झोप येत नाही आणि घरचेही जागे राहतात. सोबत पोटासाठी गोळी आणि साखरेवर लक्ष. मधुमेह नसलेल्याचीही साखर वर जाते, म्हणून पहिल्या आठवड्यात जेवणानंतर दोन तासांनी तपासा.

उतरवण्याचा एक नमुना: ८ वरून ४, चार दिवसांनी २, चार दिवसांनी १, चार दिवसांनी ०.५, मग बंद. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं डेक्सा कधीही एकदम थांबवू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं थांबलेलं असतं, आणि चक्कर, उलट्या, बीपी पडणं यात माणूस आडवा होतो. उतरवताना डोकेदुखी परतली तर मागच्या पायरीवर या, थेट १६ वर नको.

गोळीचं पाकीट डोळ्यांजवळ धरून वाचा. बाजारात डेक्सा ०.५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि ४ मिलिग्रॅमचंही. दोन्ही गोळ्या छोट्या आणि पांढऱ्या असू शकतात. चिठ्ठीवर 'डेक्सा १-०-०' एवढंच असेल तर मेडिकलवाला हाताला येईल ते पाकीट देतो, आणि फरक आठपट आहे. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. डिस्चार्ज कार्डावर 'पुढील सल्ल्यापर्यंत चालू' असं लिहिलेलं डेक्सा तीन-तीन महिने चालतं, कारण तो पुढचा सल्ला नेमका कुणी द्यायचा, हे कुणीच ठरवलेलं नसतं. म्हणून कार्डावर बंद करण्याची तारीख आणि जबाबदार डॉक्टरांचं नाव मागा.

चार आठवड्यांहून जास्त काळ प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमच्या बरोबरीचा डोस चालणार असेल, तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल या गोळीबद्दल विचारा. फिट्सच्या गोळ्या मात्र ज्यांना कधी फिट आली नाही त्यांना निव्वळ खबरदारी म्हणून नकोत.

रेडिओसर्जरीचा दिवस

मास्क असेल तर आधीच चेहऱ्यावर गरम, ओलं जाळीदार प्लास्टिक बसवून साचा घेतलेला असतो. फ्रेम असेल तर कपाळावर आणि मागे चार ठिकाणी भूल देऊन पिना घट्ट करतात; टोचतं, दाबल्यासारखं वाटतं, दहा-पंधरा मिनिटांत सरावतं. रेडिएशन जाणवत नाही. सकाळची नेहमीची औषधं, विशेषतः फिट्सची, चुकवू नका. काही केंद्रं त्या दिवशी डेक्साचा एकच डोस देतात; त्याने इम्युनोथेरपीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते तो आठवडाभर लांबला तर. केस सहसा जात नाहीत. संध्याकाळी घरी जाता येतं, पण गाडी स्वतः चालवू नका.

निघताना एका पानाचा सारांश घ्या: प्रत्येक गाठ कुठे, आकार किती, ग्रे किती, किती बैठकांत, व्ही-१२ किती. हे पान फाइलच्या पहिल्या प्लास्टिकमध्ये ठेवा.

औषधाची बाटली

आपल्याकडे ही बाटली अनेकदा नातेवाईकच विकत घेऊन डे-केअरला पोचवतात. २ ते ८ अंश तापमान, अंधार, हलवाहलव नाही. जेल पॅकला बाटली थेट टेकली तर गोठते, आणि गोठलेलं औषध वाया जातं. मध्ये पुठ्ठा ठेवा. औषध हॉस्पिटलच्या फार्मसीतून किंवा अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. स्वस्तात कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका: २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच महागड्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या भरून विकणारी टोळी पकडली आहे. इंजेक्शन झाल्यावर रिकाम्या बाटलीचं लेबल नर्ससमोर फाडायला सांगा.

नेहमीचे डोस: पेम्ब्रोलिझुमॅब ३ आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम किंवा ६ आठवड्यांनी ४००, निव्होलुमॅब २ आठवड्यांनी २४० किंवा ४ आठवड्यांनी ४८०, अटेझोलिझुमॅब ३ आठवड्यांनी १२००. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, कमी मात्रेच्या केमोसोबत दिलं, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही अशा हजारो घरांसाठी हे फार मोलाचं काम आहे. पण त्यात मेंदूतल्या गाठींचा प्रश्न तपासलेला नव्हता. कमी डोस घ्यायचा झाला तर ते माहीत असून घ्यावा, आणि मेंदूतल्या गाठींसाठी रेडिओसर्जरीवर भर ठेवावा.

डोकेदुखी आली तर

नेहमीची सवय म्हणजे फोनवर 'डेक्सा वाढवा'. त्याआधी थांबा. गाठीची सूज हे एक कारण झालं. मेलॅनोमा किंवा किडनीच्या कर्करोगाच्या मेंदूतल्या गाठीत रक्तस्राव हे दुसरं. तो अचानक येतो, उलटी आणि शुद्ध हरपणं सोबत असतं, आणि त्यासाठी लगेच सीटी हवा. तिसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: पिट्युटरी ग्रंथीची सूज. इपिलिमुमॅब घेणाऱ्यांत ती जास्त, दुसऱ्या-चौथ्या महिन्यात. डोकं दुखतं, पराकोटीचा थकवा येतो, अन्नावरची वासना जाते, सोडियम उतरतं, बीपी कमी होतं. डेक्सा दिलं की दोन तासांत माणूस उठून बसतो आणि सगळे म्हणतात, 'बघा, सूजच होती.' खरं कारण झाकलं जातं आणि डेक्सा बंद केल्यावर पुन्हा तेच. म्हणून पहिल्या गोळीआधी तपासणीपुरतं रक्त काढून ठेवा: कॉर्टिसॉल, एसीटीएच, टीएसएच, फ्री टी-४, सोडियम. रुग्ण गंभीर असेल तर रक्त काढून लगेच स्टिरॉइड द्या, रिपोर्टसाठी थांबू नका. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाले, तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलट क्रमाने जिवावर बेतू शकतं.

मेंदूबाहेरचे दुष्परिणाम तालुक्याच्या दवाखान्यात साध्या आजारासारखे दिसतात. नेहमीपेक्षा दिवसाला ४ जुलाब जास्त झाले तर ते 'बाहेरचं खाल्लं' म्हणून सोडू नका, ७ जास्त झाले तर भरती. नवा कोरडा खोकला आणि दम, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, पापण्या झुकणं, एकाएकी खूप तहान लागणं: त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना फोन. शेवटचं इंजेक्शन होऊन सहा महिने झाले असले तरी. या दुष्परिणामांसाठी लागणारं स्टिरॉइड मात्र घाबरून टाळू नका. तिथे ते वेळेत आणि पूर्ण डोसात लागतं.

एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली तर

पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय, शक्यतो त्याच मशिनवर, त्याच पद्धतीने.

पहिल्या काही महिन्यांत गाठ फुगलेली दिसण्यामागे टी-पेशींची गर्दी असू शकते. इम्युनोथेरपी सुरू होऊन सहा महिने झाले नसतील आणि रुग्णाची हालचाल, बोलणं, शुद्ध बिघडलेली नसेल, तर लगेच 'औषध हरलं' असं धरत नाहीत. उपचार चालू ठेवून तीन महिन्यांच्या आत पुन्हा पाहतात. रेडिओनेक्रोसिस, म्हणजे रेडिएशनने मेलेल्या भागाची सूज, बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत येते. साध्या एमआरआयवर ती आणि परतलेली गाठ जुळ्या भावंडांसारखी दिसतात. परफ्युजन एमआरआयत रक्ताचा प्रवाह वाढलेला असेल तर गाठीकडे कल, कमी असेल तर नेक्रोसिसकडे. साखरेवर चालणारा एफडीजी पीईटी स्कॅन इथे फारसा कामाचा नाही, कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो. एफ-डोपासारखा अमिनो आम्लाचा पीईटी मिळत असेल तर तो करा. तरीही उलगडा न झाल्यास बायोप्सी. दुसऱ्यांदा रेडिएशन देण्याआधी ही खात्री व्हायलाच हवी, कारण नेक्रोसिसवर पुन्हा रेडिएशन दिलं तर आगीत तेल.

नेक्रोसिसचा त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवा. त्रास असेल तर थोडे दिवस डेक्सा. ते उतरवता येत नसेल तर बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन: ३ आठवड्यांनी किलोमागे ७.५ मिलिग्रॅम, साधारण चार डोस. त्याचा फायदा दुहेरी आहे, सूज उतरते आणि डेक्सा सुटतं, म्हणजे इम्युनोथेरपीला मोकळी वाट मिळते. मात्र नुकताच रक्तस्राव, ताजी शस्त्रक्रिया किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर ते चालत नाही. बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासत राहावं लागतं. डेक्सा तीन महिने ओढत नेण्याऐवजी बेव्हासिझुमॅबचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच काढा.

आणि तो कागद. ए-४ पान आडवं धरा, पाच रकाने पाडा: तारीख, इंजेक्शनचं नाव आणि डोस, रेडिओसर्जरीची गाठ आणि ग्रे, त्या दिवशीचं डेक्सा मिलिग्रॅममध्ये, लक्षणं. रोज एक ओळ, डेक्साच्या गोळीसोबतच भरायची. वर मोठ्या अक्षरांत 'चेकपॉइंट इम्युनोथेरपी चालू आहे, स्टिरॉइड सुरू करण्याआधी फोन करा' आणि ऑन्कॉलॉजी विभागाचा रात्रीचा नंबर. एक प्रत फाइलमध्ये, एक रुग्णाच्या खिशात, आणि तिसऱ्या प्रतीचा फोटो घरातल्या त्या माणसाच्या मोबाइलवर, जो रात्री दोन वाजता रुग्णाला घेऊन इमर्जन्सीत जाणार आहे.